पारखिणीचा ओठ

गल्लीत कुणाच्याही चुलीवर शिंपल्या चढायच्या आधी त्या पारखिणीच्या ओठाला लागत. हा नियम कुणी केला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तो मोडायची कुणाची छातीही नव्हती. वर्षातून एकदा, उन्हं तापायला लागली की, खाडीच्या तोंडाशी पाण्यावर तांबूस साय धरायची. लाल पाणी आलं म्हणत बायका टोपल्या खुंटीला टांगून ठेवत. पोहणाऱ्या माशाचं तेवढं भय नसे. शिंपली मात्र जागची हलत नाही. चिखलात रुतून दिवसभर तेच पाणी पीत बसते आणि पाण्यात बरं-वाईट जे असेल ते पोटात साठवते. पाणी निवळलं तरी तिचं पोट कधी निवळेल याचा नेम नसतो. मग पारखीण एक कच्ची शिंपली सुरीने उघडायची, आतला गर खालच्या ओठावर घासायची आणि डोळे मिटून बसायची. ओठाला मुंग्या आल्या तर टोपली पाण्यात रिकामी व्हायची. नाही आल्या तर त्या दिवशी फक्त तिच्या घरी शिंपल्या शिजायच्या, आणि दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला सगळी गल्ली चिखलात उतरायची.

आपली गोष्ट आहे ती या पारखिणीच्या सुनेची.

सासूचा तोरा काही विचारू नका. ओठ पारखायचा दिवस आला की ती सकाळी चहासुद्धा प्यायची नाही. ओठ कोरा पाहिजे, म्हणायची. अंगणात पाट मांडून बसली की गल्लीतल्या बायका भोवती उभ्या राहत, आणि एरवी कुणाचंही ऐकून न घेणारी शेजारची जाळीवालीसुद्धा, जी दिवसभर दारात बसून फाटकी जाळी विणायची आणि तेवढ्याच वेळात गल्लीची इज्जत उसवायची, ती तोंड मिटून उभी राही. वर्षातला तो एक दिवस सासूचा. बाकी दिवस ती आपली कुरकुरणारी म्हातारी, गुडघ्यांना तेल चोळणारी.

थंडीच्या दिवसांत सासूची खालची दाढ काढली. सुईने बधिर केलेला गाल संध्याकाळपर्यंत मोकळा झाला, पण खालचा ओठ काही जागा होईना. ही गोष्ट सासूने कुणालाही सांगितली नाही. सुनेला ती चहावरून कळली. चहाचा ओघळ हनुवटीवरून खाली येऊन लुगड्यावर पडला तरी सासू बोलतच होती.

"आई, चहा सांडतोय."

"म्हातारपण गं," सासू म्हणाली आणि पदराने हनुवटी पुसली. पण पुसताना तिने सुनेकडे असं पाहिलं की सुनेने पुढचा शब्द गिळला. नंतर एकदा ओठाला भाताचं शीत चिकटून वाळून गेलं. एकदा उकळत्या कालवणाची पळी तिने ओठाला लावली आणि फोड आला, तरी हूं की चूं नाही.

सुनेने नवऱ्याच्या कानावर घातलं. तो बोटीवरून आलेला, पाय पसरून पडला होता. खो खो हसला. "तिचा ओठ बधिर झाला असता तर घरात एवढी बडबड ऐकू आली असती का?" म्हणाला आणि कुशीवर वळला. सासूला तोंडावर विचारायचं म्हणजे तिचा एकुलता एक मान काढून घेण्यासारखं होतं. आज विचारू, उद्या विचारू करत लाल पाणी येऊन गेलंसुद्धा.

पारखायच्या दिवशी सासू पाटावर बसली. सुनेने पहाटेच्या ओहोटीला जाऊन टोपली भरून आणली होती. चिखलात चालताना तिच्या टाचेला काहीतरी टोचलं होतं, शिंपलीची फुटकी धार असेल नाहीतर एखाद्या माशाचा काटा, तिने पाहिलंही नाही. सासूने गर ओठावर घासला. डोळे मिटले. बायका श्वास रोखून उभ्या होत्या. सून सासूच्या तोंडाकडे बघत होती. सासूने डोळे उघडले ते नेमके तिच्याकडे, आणि त्या नजरेत दम नव्हता, चक्क विनवणी होती.

"चांगल्या आहेत," सासू म्हणाली. "पाणी बघा ना कसं काचेसारखं झालंय."

पाण्याचं कशाला बोलतेय ही, असं सुनेच्या मनात आलं. याआधी कधी ती पाण्याबद्दल बोलली नव्हती. पण बायका हसत-बोलत पांगल्या, आणि सुनेने टोपली उचलून आत नेली. तिची जीभ रेटली नाही, एवढंच खरं.

शिंपल्या तिने मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू ओकू दिली, तोंड वासून पडलेल्या निवडून फेकल्या आणि बाकीच्या वाफेवर चढवल्या. सासूची हिरडी अजून हुळहुळी होती म्हणून तिखट अजिबात घातलं नाही. तरीही सासूने नुसता मऊ भातच खाल्ला. सून भुकेली होती, पोटभर जेवली. नवऱ्याचा वाटा, म्हणजे अर्ध्याहून जास्त, पातेल्यात राखून ठेवला. त्याला शिंपल्या म्हणजे जीव की प्राण. पातेल्यावर पोचे पडलेलं झाकण ठेवलं, जे कधीच नीट बसत नसे आणि जरा धक्का लागला की खुळखुळत राही.

भांडी घासता घासता तिचे ओठ चुरचुरायला लागले. वाफ लागली असेल, असं वाटलं. मग जीभ जड झाली, मग बोटांतून ताटली निसटली. तेव्हा तिला कळलं. "आई, त्या शिंपल्या," असं म्हणायला तिने तोंड उघडलं, पण बाहेर आली ती नुसती घरघर. पाय गेले. ती मोरीतच बसली, आणि मग बसताही येईना.

हॉस्पिटल लहानसं होतं. श्वासाचं मशीन एकच, त्यावर आधीच एक म्हातारा होता. डॉक्टरांनी सुनेच्या घशात नळी घातली, नळीला रबरी फुगा जोडला आणि तो हाताने दाबून दाखवला. "असा दाबायचा, सोडायचा. थांबायचं नाही. तिचा श्वास आता तुमच्या हातात आहे. विष उतरेपर्यंत हे चालू राहिलं तर ती वाचेल."

सून खाटेवर पडली होती. तिची करंगळी हलत नव्हती, पापणी हलत नव्हती. ऐकू मात्र सगळं येत होतं. झाडूवाल्याची बादली, पंख्याची कुरकुर, फुग्याचा फुस्स. आतून ती पूर्ण जागी होती, आणि हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

"काय खाल्लं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"शिंपल्या," सासू म्हणाली. "पण मी पारखलेल्या."

"डॉक्टर, आमची अख्खी गल्ली यांच्या ओठावर जेवते," जाळीवाली म्हणाली. "तुम्ही तिची टाच बघा. काहीतरी डसलंय पोरीला."

डॉक्टरांनी टाच पाहिली. "समुद्री साप असू शकतो. शंखातसुद्धा विषारी काट्याची जात असते. शिंपल्या आणखी कुणी खाल्ल्या? कुणाला त्रास?"

"कुणालाच नाही," सासू म्हणाली.

खोटं नव्हतं ते. आणखी कुणी खाल्ल्याच नव्हत्या. सून आतल्या आत किंचाळली. पातेलं, आई, ते पातेलं! पण डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले, आणि डसण्यावर सगळ्यांचं एकमत झालं. सासूला तर ते हवंच होतं. साप निघाला असता तर बिचारीने त्याची पूजा केली असती.

फुगा दाबायला बायकांनी पाळ्या लावल्या. दाबताना गप्पा चालल्या. "फार गुणी पोर," जाळीवाली म्हणाली. परवाच वाळत घातलेल्या कपड्यांवरून तिने याच गुणी पोरीचा उद्धार केला होता. एरवी सुनेला हसू आवरलं नसतं. आता तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. दिवस कलला की बोट येणार. बोट आली की तो घरी जाणार, तोंड धुणार आणि आधी झाकण उघडणार. तो नेहमी आधी झाकण उघडतो.

तिने सगळा जीव एका बोटात गोळा केला. हल, हल. बोट जणू दुसऱ्याच कुणाचं होतं. सासू उशाशी बसून तिच्या केसांवरून हात फिरवत होती. या हाताला कसं सांगायचं? आणि हिला खरंच कळत नसेल का? ही स्वतः शिंपल्या जेवली नाही ती हिरडीमुळे की भीतीमुळे? सुनेला सासूचा संताप आला, एवढा की हात हलता तर तिने तो हात झिडकारला असता. मग वाटलं, भीती असती तर पोटच्या पोरासाठी पातेलं भरून ठेवू दिलं असतं का हिने? नाही. हिने आपल्या ओठाची समजूत घातली होती, आणि ओठाबरोबर स्वतःचीही. पण तू काय केलंस गं, तिने स्वतःला विचारलं. तुला तर दिसत होतं.

उन्हं उतरली तेव्हा नवरा आला. घरी न जाता थेट धक्क्यावरून आला होता. सुनेच्या जिवात जीव आला. त्याने जाळीवालीच्या हातून फुगा घेतला. जाळी ओढणारे हात ते. छातीत हवा अशी भरली की इतक्या वेळात पहिल्यांदा तिला पुरेसा श्वास मिळाला.

"मी आलोय गं," तो म्हणाला. "आता झोप तू निवांत."

थोड्या वेळाने सासू म्हणाली, "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. घरी जा, दोन घास खा आणि ये."

"मी हलणार नाही इथून."

सुनेला वाटलं, याला मिठी मारावी.

"रात्रभर दाबायचंय," सासू म्हणाली. "उपाशीपोटी हात चालणार आहेत का? बरं, मीच घेऊन येते. तुझ्यासाठीच राखून ठेवलंय पोरीने."

सुनेच्या डोळ्यांना धार लागली. ते एवढं एकच तिच्या अंगातून बाहेर पडू शकत होतं. "सिस्टर, ही रडतेय!" नवरा ओरडला. सिस्टर आली, तिने वाकून पाहिलं. "रडत नाही हो. पापण्या नीट मिटत नाहीत, त्याने डोळ्यांत पाणी येतं. बुबुळं सुकतील अशाने." तिने दोन्ही पापण्या मिटून वरून चिकटपट्टी लावली. फार हळुवार हाताने लावली, अगदी प्रेमाने, आणि तेवढं एक दारही बंद झालं.

सासू परत आल्याचं सुनेला झाकणावरून कळलं. जिन्यापासून ते खुळखुळत येत होतं. डब्यात मावणार नाही म्हणून तिने फडक्यात बांधून पातेलंच आणलं होतं. सासूने फुगा हातात घेतला, नवरा शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसला. सून देवाला न मानणारी नव्हती, पण त्या क्षणी तिने देवाला फार वाईट शब्द वापरले. पातेलं सांडू दे, मांजर येऊ दे, डॉक्टर येऊन ओरडू दे. काही झालं नाही. स्टीलच्या ताटलीत पहिली रिकामी शिंपली पडली, टण्. मग दुसरी. भुकेला माणूस कसा जेवतो ते तिला पाठ होतं. एरवी हा आवाज ऐकत ती चुलीपाशी समाधानाने बसून राहायची. आता प्रत्येक टण् तिच्या काळजात रुतत होता, आणि मधेमधे सासूचे हात तिला श्वास भरवत होते.

"आई," नवरा भरल्या तोंडाने म्हणाला, "आज तिखट जास्त पडलंय का? ओठ चुरचुरतायत."

फुगा थांबला.

"तिखट घातलंच नाही तिने," सासू म्हणाली. तिचा आवाज ओळखू येत नव्हता. "माझ्या हिरडीसाठी घातलं नाही."

सुनेची छाती रिकामी झाली होती आणि रिकामीच राहिली. दाबा, आई, दाबा. कानांत घण वाजायला लागले. दुरून सासूचं ओरडणं ऐकू आलं, "थुंक! थुंक ते सगळं! घशात बोटं घाल!" मग ताटली फरशीवर आपटली, शिंपल्या खोलीभर उडाल्या, आणि नवऱ्याने आईच्या हातून फुगा हिसकावला. हवा आली.

"माझा ओठ मेलाय रे," सासू फरशीवर बसून सांगत होती, डॉक्टरांना, सिस्टरला, दारात जमलेल्या सगळ्या गल्लीला. "दाढ काढल्यापासून मेलाय. काही कळत नाही त्याला. सकाळीही काही कळलं नाही. वाटलं, पाणी निवळलंय, आता कुठे काय असणार. मी मारलं रे दोघांना."

उद्याच्या ओहोटीसाठी घासून-पुसून ठेवलेल्या टोपल्या प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे आल्या असतील. जाळीवाली पुढे झाली आणि नवऱ्याच्या हातून फुगा घेतला.

डॉक्टरांनी नळी घालून नवऱ्याचं पोट धुतलं. "बरंचसं निघालं," ते म्हणाले. "किती भिनलंय ते आता बघायचं." त्याला शेजारच्याच खाटेवर झोपवलं. तो तिच्याशी बोलत राहिला. शब्द हळूहळू जाड होत चालले होते.

"ऐकू येतंय ना गं तुला? मला आता कळलं, तुला सगळं ऐकू येत असणार. माझी पण बोटं गेली बघ. तू सांगितलं होतंस मला. मी हसलो." मग बराच वेळ काही नाही. मग, "भिऊ नको," असं काहीतरी, निम्मं तोंडातच राहिलेलं. त्यानंतर दुसऱ्या फुग्यासाठी सिस्टरची धावपळ झाली, आणि बऱ्याच वेळाने खोलीत त्याचा आवाज सुरू झाला.

सकाळी सुनेच्या पायाचं बोट हललं. ते आधी झाडूवाल्याने पाहिलं. मग हात किंचित, मग मान, आणि ती स्वतःच्या छातीने श्वास घेते आहे अशी खात्री झाल्यावर डॉक्टरांनी घशातली नळी काढली. सिस्टरने पट्ट्या सोडवल्या. उजेड डोळ्यांत गेला. तिने शेजारी पाहिलं. नवरा तसाच पडला होता, तोंडात नळी, डोळ्यांवर तशाच पट्ट्या. सासू त्याचा फुगा दाबत होती. रात्रभर तिने कुणाला पाळी घेऊ दिली नव्हती, हनुवटीवर काहीतरी वाळलेलं होतं.

"तो?" असं सुनेला विचारायचं होतं. पण कालपासून घशात अडकून राहिलेलं वाक्यच आधी बाहेर आलं, घोगरं, फाटकं.

"आई, ते पातेलं फेकून द्या. त्यांना देऊ नका."

सासूने तिच्याकडे पाहिलं. फुगा चालूच होता. ती म्हणाली, "फेकलं गं."

"मला दिसत होतं, आई. तुमच्या ओठाचं."

"ठाऊक होतं मला," सासू म्हणाली. "म्हणून तर तुझ्याकडे बघितलं तसं."

डॉक्टर येऊन गेले. त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, बाहुल्या आकसल्या नाहीत. तुम्ही जास्त खाऊन वाचलात, तेव्हा आशा आहे, पण तुमच्या वेळी श्वास आधीपासून सांभाळला होता, याचा मधे बराच वेळ चुकला, असं काहीतरी ते सुनेला म्हणाले. आज संध्याकाळपर्यंत बघू. बघण्यापलीकडे कुणाच्याच हातात काही नव्हतं.

"मला द्या," सून म्हणाली. "मी दाबते."

सिस्टरने सुनेची खाट ओढून जवळ आणली आणि सासूने फुगा तिच्या पंज्यात ठेवला. सुनेने दात-ओठ खाऊन जोर लावला. बोटं नुसती रबरावर पडून राहिली. नवऱ्याची छाती खाली गेली ती वर येईना. सुनेने घाबरून सासूकडे पाहिलं. सासूने आपले दोन्ही हात तिच्या हातांवर ठेवले आणि बोटांसकट फुगा दाबला. छाती वर आली. मग दोघी थांबल्या, आणि पुन्हा दाबला.